उतारावरची गाडी

दापोडी,
गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१

प्रिय कस्तुरा,

सप्रेम जयभीम.

'सौ.' लिहावं की नाही या विचारात पहिला कागद वाया गेला. दुसऱ्यावर नुसतंच कस्तुरा लिहिलं, तर ते हजेरीपटावरच्या नावासारखं दिसायला लागलं. शेवटी प्रिय लिहिलं. तेवढं तरी खरं आहे.

कामाचं आधी सांगतो. आपली गाडी विकायची आहे. चांदभाई गॅरेज बंद करून लेकीकडे मिरजेला चाललेत, महिनाअखेर जागा खाली करायची आहे. चाकणचे दत्तोबा म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांना रसवंतीसाठी गाडीचा सांगाडा हवाय. इंजिन काढणार, चाकं काढणार, खाली विटा रचून उसाचा चरक बसवणार. पण आरसी बुकावर नाव तुझं आहे. फॉर्म सोबत जोडलाय, फुली केलेल्या दोन ठिकाणी सही करून पाठव. आणखी एक गोष्ट आहे, गाडीबद्दलचीच. चार वर्षं ती तुझ्यापुढे माझ्या तोंडातून निघालेली नाही, आणि गाडी गेली की मग कधीच निघणार नाही अशी भीती वाटते. तिथपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल. आपली गाडी कधी एकदम सुरू व्हायची नाही, हे तुला माहीतच आहे.

आज आठवड्याची सुट्टी. सकाळपासून गाडी साफ करतोय. तुझ्या निळ्या साडीचा पडदा अजून खिडकीला आहे, उन्हाने पांढरा पडलाय. काचेच्या कपाटात तुझी लाल औषधाची बाटली सुकून गेलीय. चांदभाईंच्या खातूनबी चहा घेऊन आल्या, पडद्याला हात लावून उभ्या राहिल्या आणि कप ठेवून गेल्या. दर वेळी 'बहू कैसी है' विचारतात, आज विचारलं नाही.

आठवतं का, ही गाडी मी का घेतली ते? लग्नाला दोन वर्षं झाली होती. दहा बाय बाराच्या खोलीत आई, दोन भाऊ, बहीण इंदू आणि आपण दोघं. तुला माझ्याशी काही बोलायचं असलं की तू कळशी उचलायचीस आणि मी बादली. नळावर भांड्यांच्या आवाजात आपण संसाराच्या गोष्टी करायचो. लोकांना वाटायचं, काय कामसू जोडपं आहे! मग त्र्याहत्तर साली एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्याची गाडी लिलावात निघाली. मी चांदभाईंना दाखवायला नेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला, बॉनेट बंद केलं आणि म्हणाले, "भाऊ, ही गाडी न्हाई, दवाखान्यातून पळालेली पेशंट हाय. पर दिल अच्छा है इसका." मी दिलावर भरवसा ठेवला.

आई दारात उभी राहून म्हणाली, "लोकं घर घेत्यात, ह्यो दवाखाना घिऊन आला." त्यात ती तुझ्या नावावर केली म्हटल्यावर तिने दोन दिवस भाकरी थापली नाही. मी तरी काय करणार होतो? घर तुझ्या नावावर करायची ऐपत नव्हती. चार चाकांवर एक फळी, एक कपाट, हात धुवायचं भांडं आणि टपावर पाण्याची टाकी, एवढं देता आलं, ते दिलं.

पहिल्या गुरुवारी आपण तळेगावच्या पुढे माळावर गेलो. तू आत शिरलीस, दार लावून घेतलंस, कडी घातलीस, आणि फळीवर बसून नुसती हसत सुटलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, काही नाही, कडी घातली. लग्नानंतर दोन वर्षांनी तू पहिल्यांदा आपल्या दाराची कडी घातली होतीस. मीही हसलो. नंतर तू रडलीसही थोडी, ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर चार वर्षं आपण त्या पेशंटची सेवा केली. रेडिएटर गळायला लागला की तू डब्यातली हळद आणून ओतायचीस, कारण हळदीने बारीक भोकं बुजतात असं चांदभाईंनी शिकवलं होतं. इकडे आई शेजारच्या विमलबाईंना विचारायची, "आमच्या घरातली हळद जाती कुठं?" पेट्रोलची टाकी पाझरली की तू अंगाचा साबण घासायचीस. माझ्या अंगाला साबण उरायचा नाही, पण टाकी लख्ख. आणि बाहेरचं ते लाल फुलीचं चित्र! दोन हात रंग दिला तरी ते खालून दिसायचंच. कुठेही थांबलो की पाच मिनिटांत माणसं येऊन ओळीने बसायची. सुरुवातीला मी सांगत बसायचो, बाबांनो, हा दवाखाना नाही. मग तूच बाटली, कापूस आणि चिंध्या ठेवायला लागलीस. एकदा एकाला तू सुंठ देऊन पाठवलंस, तो पुढच्या गुरुवारी कोंबडी घेऊन आला. डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारल्यावर तू जी मान ताठ करायचीस, ती मला अजून दिसते.

रोग मोठे दोनच होते. एक, सेल्फ उचलायचा नाही. म्हणून गाडी नेहमी उतारावर, तोंड खाली करून लावायची, म्हणजे ढकलायला माणसं शोधावी लागत नाहीत. दोन, हँडब्रेक नावालाच. चांदभाई म्हणायचे, केबल मुंबईहून मागवू, गाडी गिअरमध्ये ठेवलीत तरी घसरते, बरं नाही हे. मी म्हणायचो, दगड आहे की. आईचा पाटा दुभंगला होता, त्याचा अर्धा तुकडा. त्याला तू काथ्याची दोरी बांधलीस आणि नाव ठेवलंस थोरली जाऊबाई. आपल्या घरात थोरली जाऊ नव्हती, ती तू अशी करून घेतलीस. जागची हलत नाही आणि तिच्यावाचून घर चालत नाही, म्हणायचीस.

ते काम तुझं. मी पाय ब्रेकवर दाबून धरायचा, तू खाली उतरून पुढच्या चाकाखाली दगड सारायचीस, आणि चाकावर दोनदा थाप मारायचीस. थाप ऐकली की मी पाय काढायचा. निघताना उलटं. तू दोरी ओढायचीस, गाडी घरंगळायची, इंजिन धरायचं, आणि मला थांबायची सोय नाही म्हणून तू पदर खोचून, दगड पोटाशी घेऊन मागून पळत यायचीस. आरशात तू दिसायचीस. मी मुद्दाम थोडं जास्त पळवायचो. आत चढून तू मला जे बोलायचीस ते पत्रात लिहिता येणार नाही. चार वर्षांत किती वेळा थांबलो असू आपण! एकदाही तुझी थाप चुकली नाही.

आता मोशीचं लिहायला हवं.

सत्त्याहत्तरचा जानेवारी. तुला पाचवा लागला होता. लग्नाला सहा वर्षं होऊन गेलेली, आई दुसऱ्या मुलीचं नाव काढायला लागलेली, आणि तेव्हा ही बातमी. गाडीला मी त्या आठवड्यात आतून पिस्ता रंग दिला. फळीच्या बाजूला पाळणा टांगायला दोन हूक ठोकले. आज ते काढायला गेलो, निघाले नाहीत. राहू दिले.

चाकणच्या रस्त्याने आपण गेलो आणि मोशीच्या पुढे नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर गाडी लावली. तू म्हणालीस, झोप येते. पडलीस. मी नदीवर पाणी आणायला गेलो. कळशी भरून वळलो तेव्हा गाडी चालत होती. आत तू होतीस आणि स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. मी ओरडलो का, धावलो का, मला आठवत नाही. कळशी मात्र हातातच होती असं लोक सांगतात. खाली बाभळीला गाडी अडली. तू फळीवरून कपाटावर फेकली गेली होतीस.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस. बाळाचं तुला कुणी सांगायची गरज पडली नाही, तू पोटावर हात ठेवलास. मग मला विचारलंस, "दगड मी लावला नव्हता का हो? दोरी हातात घेतलेली आठवते. पुढचं आठवत नाही." मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "झालं ते झालं. तू आता विचार करू नकोस."

बाहेर ओट्यावर आईने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, दगड लावायचा राहिला. तुझ्या सयाजीदादांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. दगड लावायचं काम कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढे कुणी काही विचारलं नाही. आई म्हणाली, "हातातलं काम इसरली, अन् वंश बुडवला." मी आईला म्हणालो, तिला काही बोलू नकोस. त्यावर सगळ्या आळीने मला नावाजलं. बायकोच्या हातून एवढं झालं, पण कोंडीरामने एक शब्द काढला नाही. सयाजीदादांनी तर माझे हात धरले होते. ते हात धरल्यावर तरी मला लाज वाटायला हवी होती.

दहा महिने तू घरात होतीस. जेवण करायचीस, पाणी भरायचीस, पण नळावर माझ्यामागून आली नाहीस. मी तुझ्याशी गोड बोलायचो, गजरा आणायचो. जेवढा गोड बोलायचो तेवढी तू आत आत जायचीस. आणि मग एका सकाळी पिशवी घेऊन तयार झालीस. म्हणालीस, "तुम्ही मला एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या. तुमचा चांगुलपणा मला सोसत नाही." मी तुला दादांकडे जायला लोकलमध्ये बसवून आलो. तेव्हाही बोललो नाही. गाडी हलेपर्यंत वेळ होता, कस्तुरा. मी खिडकीतून तुला पाण्याची बाटली दिली.

तू बालवाडीत शिकवायला लागलीस, असं इंदू सांगत होती. तुझ्याकडची मुलं रडत नाहीत म्हणे. सुट्टी झाल्यावर फाटक लावलंय का, हे तू तीन तीनदा परतून बघतेस, असंही ती हसत हसत सांगत होती. घरच्या स्टोव्हचंही तसंच, निघाल्यावर अर्ध्या वाटेवरून मागे येतेस. तिला त्यात गंमत वाटली. मी जेवणावरून उठलो.

सहीसाठी पत्र लिहितोय असं वर म्हटलं, ते निम्मंच खरं. सही चांदभाईही घेऊन आले असते. त्या दिवशी गाडी थांबल्यावर तू फळीखालून दोरी ओढलीस. दगड अर्धा बाहेर आला होता. मी म्हणालो, वेडी आहेस का, पाचव्या महिन्यात हे उचलतेस, पड तू, मी लावतो. आणि एक पाय ब्रेकवर ठेवून तो दुसऱ्या पायाने परत आत ढकलला. तू पडलीस, तुला लगेच डोळा लागला. मी गाडी गिअरमध्ये टाकली, ती तेवढ्यापुरती थांबली. तेवढ्यात ती फुली बघून एक म्हातारी डोळ्यांचं औषध मागत आली. मी उतरून तिच्याशी बोललो, तिला हाताला धरून वाटेपर्यंत सोडलं, आणि तसाच कळशी घेऊन नदीवर गेलो. दगड फळीखालीच होता. आज सकाळी काढला. तुझी दोरी त्याला तशीच आहे. परवा हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "अन् मी त्या पोरीला काय काय बोलले." तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. सही कर, करू नकोस, गाडी तुझी आहे. परत ये असं म्हणायला मला तोंड नाही, म्हणत नाही. एकच मागतो. हा शेवटचा कागद सयाजीदादांना मोठ्याने वाचून दाखव, आणि वहिनींनाही बोलावून घे. त्या दवाखान्याच्या ओट्यावर मी जे म्हणालो ते खोडायचं आहे. दगड लावायचा राहिला नव्हता, कस्तुरा. दगड मी लावला नाही.

तुझाच,
कोंडीराम