सत्यशीलाला हसवायचं वर्ष

१ जानेवारी १९९९, शुक्रवार. गोरेगाव, हिंगोलीकडचं.

नवीन वर्षाचा संकल्प एकच. बायकोला हसवायचं. काल शेजारची जमनाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, भागवतची बायको लग्न झाल्यापासून हसलेली आमी तर पाह्यली न्हाई. अपमान आहे हा. गावात विनोदाचा जाणकार कोण? मी. दर बुधवारी टीव्हीवर 'उसनी साखर' बघायला अर्धी गल्ली माझ्या घरात. कुठं हसायचं ते मी सांगतो, मग लोक हसतात. आणि माझ्याच घरात ही बोंब! होळीच्या आत सत्यशीला खदखदून हसली पाहिजे.

६ जानेवारी, बुधवार.

एपिसोड एक नंबर. अप्पा टेंभे सासऱ्याच्या कवळीनं अक्रोड फोडतो. मी अगोदरच हसायला लागलो म्हणून लोकांना कळलं. संतराम म्हणे, भागवतराव, जरा गप बसा, ऐकू न्हाई येऊन राहिलं. मेंढरांचा व्यापारी, त्याला कॉमेडीतलं काय कळतंय!

चित्र तीनदा गेलं, नुसत्या मुंग्या. पण सत्यशीला माळवदावर होतीच. अँटेना धरावी तर तिनंच. ती वरून विचारते, आलं का? आम्ही खालून ओरडतो, आलं, आलं, सोडू नको! मग ती तशीच पाइप धरून उभी.

सीरियल संपल्यावर खाली आली. तोंडाकडं पाहिलं. हसू नाही. एवढा कॉमेडी एपिसोड होऊन!

७ जानेवारी.

कवळीचा सीन करून दाखवला, आवाजासकट. ती भाकरी थापत होती. म्हणाली, मीठ सरलंय, दुकानातून येताना आणा. आता ह्याला काय म्हणावं? टायमिंग म्हणून काही असतं की नाही!

१३ जानेवारी, बुधवार.

एपिसोड पडेल. अप्पाची बायको कपाटात अडकते आणि अप्पाला शेवटपर्यंत पत्ताच नाही. पाव्हण्यांसोबत गप्पा हाणत बसतो. लोक लोळून हसले. मी नाही हसलो. लॉजिक नको का? बायको कुठं आहे हे नवऱ्याला कळणार नाही? ह्या शहरातल्या लेखकांना संसार माहीत नाही. मी हे मोठ्यानं बोललो, तर लोक माझ्याकडं बघून आणखी हसले. म्हणजे माझं पटलं.

सगळे गेले. कडी लावली, अंथरुणावर पडलो. वरून आवाज आला, संपलं का?

मी विसरलो नव्हतो. कडी चुकून लागली.

१५ जानेवारी.

साखऱ्याहून मेहुणा आला होता, तिळगूळ घेऊन. जेवताना म्हणाला, आमची ताई हसायला लागली की तव्यावरची भाकर जळून जायची, आई ओरडायची. मी म्हटलं, कोण, ही? तो म्हणाला, व्हय, हीच.

खोटं बोलत असणार. माहेरचे लोक.

२० जानेवारी, बुधवार.

सत्यशीला म्हणाली, येकदा मला बी खाली बसून पाहू द्या की. मी शांतपणे समजावलं. तू खाली बसलीस तर पाहायला राहील काय? मुंग्या? सगळ्या गल्लीचा आनंद तुझ्या हातात आहे. पाइप धरायला वर गेली. म्हणजे पटलं.

तरी थंडीची तकलीफ नको म्हणून दुकानातली कानटोपी आणून दिली. खूश व्हायचं सोडून म्हणते, ह्यानं खालचं ऐकू येत न्हाई. तुमचं हसणं तेवढं ऐकू येत होतं, ते बी गेलं.

ह्या बाईसाठी करावं तरी काय माणसानं?

२७ जानेवारी, बुधवार.

लाईट नव्हती. लोक उठायला लागले. मी म्हटलं, बसा, कवळीचा एपिसोड मी सांगतो. अक्रोडापर्यंत येता येता फक्त जमनाबाई उरली. ती पण चप्पल शोधत होती.

१० फेब्रुवारी, बुधवार.

संतरामनं मेंढरं विकली. कलर टीव्ही आणला आणि वर डिशची छत्री बसवली. छत्रीला धरायला माणूस लागत नाही म्हणे. चित्र आपलं आपण थांबतं. करू दे मिजास. टीव्ही कुणीही आणील, समजावून सांगणारा कुठून आणील? आठ दिवसांत सगळे परत येतात की नाही बघा.

१७ फेब्रुवारी, बुधवार.

आज एकटे मसाजीबुवा आले. त्यांना दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. पण खरा रसिक. मध्ये झोप लागली त्यांना, एपिसोडच तसा होता. 'उसनी साखर' पार बिघडली आता. पहिल्यासारखी मजा राहिली नाही.

सत्यशीला वर उभी होती. आलं का, आलं का, करत राहिली. मी उत्तर दिलं नाही. मूड नव्हता.

२४ फेब्रुवारी, बुधवार.

सकाळीच म्हणाली, आज मी संतरामभाऊकडं जाणार हाय. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, खुशाल जा. समजावणारा नसला की काही कळत नाही, परत येशील. भाकरी झाकून, नवं लुगडं नेसून गेली. कानटोपी खुंटीला.

टीव्हीवर मुंग्या. मीच वर चढलो. पाइप हिंगोलीकडं फिरवला, सेनगावकडं फिरवला. ओरडलो, आलं का? मग आठवलं, खाली कुणी नाही. उतरून पाहिलं, मुंग्याच. पुन्हा चढलो. चार-पाच वेळा केलं. पाइप बर्फासारखा गार लागतो, हे आजपर्यंत कुणी बोललं नव्हतं मला.

माळवदावरून संतरामचं अंगण दिसतं. लोक हसून राहिले होते, कुणी न सांगता. त्यात एक बाई सगळ्यांच्या वर. हसून हसून दम लागायचा तिला, जरा थांबायची, पुन्हा सुरू. आवाज ओळखीचा नव्हता. वाटलं, कुणाची पाव्हणी आली असंल. वाकून पाहिलं. जमनाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून, पदरानं डोळे पुसत, सत्यशीला.

बारा वर्षांत मी तो आवाज ऐकलेला नाही.

ती आली तेव्हा मी वरच होतो. खालून म्हणाली, आवं, तुमी काहून न्हाई आले? लई मजा आली.

मी म्हटलं, मग अँटेना कोण धरणार?

यावर ती हसली. पोट धरून, अंगणातच खाली बसून हसली. होळीला अजून वेळ आहे. संकल्प मुदतीच्या आत पूर्ण.

मी विनोद केला नव्हता.