मावशीचा हात दिसेना

२८ ऑगस्ट
नेट बंद. भिंतीवरच्या डबीत लाल दिवा. पहाटे उठले तर आई टॅबपुढे नव्हती, अंगणात बाजेवर बसलेली.
"हात दाखवला का मावशीला?"
"तार तुटली वाटतं," म्हणाली आणि तोंड फिरवलं.
नांदेडला शेवंता मावशी वाट बघत असणार. आधीच आजारी. तिला ऐकू येत नाही, म्हणून तर हा व्हिडिओचा खटाटोप. दोघी बहिणी बोलत नाहीतच. ही हात वर करते, ती हात वर करते, झालं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हापासूनचं आहे हे. मावशी शेजारच्या शेडमधून पहाटे पत्रा वाजवून विचारायची, "सखू, हाईस का?" आई आतून "हाय" म्हणायची. मग कुठे मला झोप लागायची. मावशी मुलाकडे, विलासदादाकडे, नांदेडला गेली तसा पत्रा जाऊन फोन आला, मावशीचे कान गेले तसा टॅब आला. नेम मोडला नव्हता.
केबलच्या शकीलला फोन. उद्या येतो म्हणाला.

३० ऑगस्ट
शकीलचा उद्या अजून उगवला नाही. "ताई, गणपतीच्या ट्रॉल्या सुटल्यात. ह्या एवढाल्या मूर्त्या. पोरं बांबूनं वायरी उचलून राहिलेत, उचलतेत कमी अन तोडतेत जास्त. आख्ख्या लातूरचे फोन मलाच."
मोबाइलवर लावून बघितलं. आमच्या गल्लीत जिकडे तिकडे हॉस्टेलं, डॉक्टर व्हायला आलेली पोरं मावत नाहीत, आणि टॉवर एक. रेंजच्या काड्या दिसतात, चित्र हलत नाही. आईला म्हटलं रिक्षाने चौकात जाऊ, तिथे लागतं कधी कधी. गुडघा दुखतो म्हणाली. काल हीच बाई गंजगोलाईच्या बाजारापर्यंत पायी जाऊन आली. काय बिनसलंय कळत नाही.

१ सप्टेंबर
शेजारच्या हॉस्टेलवाल्या काकांशी भांडले. त्यांच्याच पोरांनी काल बांबू नाचवत गणपती आणला. वायर तुमच्याच पोरांनी तोडली, म्हटलं. काका म्हणाले, तुमची तर आधीपासून बंद होती. मग मी आणखी मोठ्याने ओरडले. गॅलरीत सगळी पोरं, निम्मी माझ्याच मेसला जेवणारी. रात्रीच्या वरणात मीठ टाकायचं राहिलं. कोणी ब्र काढला नाही. घाबरली असतील.

३ सप्टेंबर
विलासदादाचा फोन. मावशीचं अवघड आहे. छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा सांगितलं. दिवसभर झापड असते. पहाटे तेवढे डोळे उघडते आणि फोनकडे बघते. काल विचारलं म्हणे, "सखू गेली का? सांगून न्हाई राहिले तुमी मला."
दादाने हातवारे करून सांगितलं, बरी आहे. पटत नाही तिला. कसं पटेल? भूकंपात तिचे यजमान गेले तेव्हा लोक सांगत राहिले, दवाखान्यात आहेत, बरे आहेत. शेवटी कोणीतरी खरं सांगितलं. तेव्हापासून माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय ती कोणाचं बरं असणं मानत नाही.
आईला हे सांगायचा धीर झाला नाही. फक्त विचारलं, जायचं का नांदेडला? तिने सूप पुढे ओढलं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. आई भूकंपापासून स्लॅबखाली पाऊल टाकत नाही, म्हणून तर घरामागे तिच्यासाठी पत्र्याची खोली काढली. दादाच्या घरभरणीलाही ती खाली रस्त्यावर बसून जेवली, मावशी ताट घेऊन उतरली होती. आता मावशी कुठली उतरते.

४ सप्टेंबर, गौरीजेवण
मेसच्या पोरांना पुरणपोळी. संध्याकाळच्या भाकरीसाठी ज्वारी काढायला आईच्या खोलीत गेले. वायर तिथूनच घरात येते. कोठीमागे तुटलेली दिसली. तुटलेली नाही, कापलेली. मी रोज ढीगभर मेथी चिरते, विळीचा काप मला कळतो. दोन्ही टोकं एकमेकांना चिंधीने बांधून वर चिकटपट्टी.
मागे आई उभी. "मीच," म्हणाली आणि खाली बसली.
"त्या दिशी तिनं हात न्हाई केला वर. मी लई येळ बसले. तिचं तोंड नुसतं आ वासलेलं. वाटलं, उद्या विलास फोन धरंल अन ती नसंलच. तार नसली तर कळायचंच न्हाई. तवर ती हाय."
"आणि ही चिंधी?"
"दुसऱ्या दिशी जोडायला बघितलं. लागंना."
इतका राग आला होता. बोलायला तोंड उघडलं तर रडूच आलं. मग दादाने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. मावशी जिवंत आहे आणि तू गेलीस असं समजते आहे. आई स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. मी हात धरले.
"तिच्या मरणाला भ्याले ग मंगल, अन तिच्यापुढं मीच मेले."
तव्यावरच्या पोळ्या करपल्या. चांगल्यातल्या निवडून हॉस्टेलवाल्या काकांकडे पाठवल्या. सोबत निरोप काही दिला नाही, पोळ्या बोलतील ते बोलतील.

६ सप्टेंबर
आईने हात वर केलेला व्हिडिओ काढून पाठवला. दादाने दाखवला. मावशी म्हणाली, "जुना हाय."
आज पहाटे रिक्षाने चौकात गेलो. आई न विचारता चप्पल घालून तयार. कॉल लागला, आईचा हात अर्धा वर गेला आणि चित्र तिथेच अडकलं. मावशी म्हणाली, "फोटू हाय." परत लागलाच नाही. येताना रिक्षात आई एकच म्हणत होती, "मी हाय की. मी हाय की."
शकीलला फोनवर खरं सांगितलं. फक्त विळी आईच्याऐवजी माझ्या हातात दिली. तो हसला. "आत काच असती ताई, केसावानी. चिंधीनं जमतंय व्हय? मशीन लागती. अन मशीन विसर्जनाच्या रस्त्यावर अडकलीय."
म्हटलं, तिकडे माझी मावशी शेवटच्या घटकेला आहे रे. मग नाही हसला. जमंल तसं येतो म्हणाला.

७ सप्टेंबर
आई गाठोडं बांधून बसली. एसटीने जाऊ म्हणते. जिन्याचं काय, म्हटलं. उठली आणि सरळ शेजारच्या हॉस्टेलात शिरली. मी मागे पळाले. काका दारात होते. "तुमचा जिना चढून बघू का?" म्हणाली त्यांना. ते बाजूला झाले. कठड्याला धरून पहिल्या वळणापर्यंत गेली. वर स्लॅबकडे बघितलं आणि तिथेच बसली. घामाने लुगडं भिजलं. काका म्हणाले, "सावकाश, आजी. घाई न्हाई." पण घाईच आहे.
उतरवून आणली. गाठोडं सोडू दिलं नाही.

९ सप्टेंबर
विसर्जन. दिवसभर ढोल. दिवेलागणीला शकील मशीन घेऊन आला, मिरवणुकीतून निसटून. चिंधी सोडली, कापलेली टोकं उलटसुलट करून बघितली. जोडून झाल्यावर आईलाच म्हणाला, "आजी, आता हिला हात लावू नका बरं." म्हणजे विळीचं माझं सोंग फुकट गेलं. दिवा हिरवा झाला.
लगेच कॉल केला. दादा म्हणाला डॉक्टर बसलेत, ती झापडीत आहे, पहाटे लाव.

१० सप्टेंबर
विसर्जनानंतरची ही पहाट आम्ही दरवर्षी जागूनच काढतो. भूकंपाच्या वर्षी याच रात्री बाबा आणि भाऊ गणपती बुडवून आले आणि आत झोपले. उकडतंय म्हणून आम्ही मायलेकी बाहेर होतो.
कॉल लागला. चित्र अगदी स्वच्छ. मावशीचं तोंड केवढंसं झालंय. डोळे मिटलेले. आईने हात वर केला. दादा मावशीचा खांदा हलवत राहिला. मावशीचा हात चादरीवर तसाच. श्वास चालू आहे म्हणाला, पण काल दुपारपासून डोळे उघडले नाहीत.
आई म्हणाली, बोट हललं. मला दिसलं नाही. दादालाही नाही.
उजाडलं. डब्यांचा भात टाकून आले तरी आईचा हात वरच, कोपर ज्वारीच्या कोठीवर टेकवलेलं. दमली असशील, खाली घे म्हटलं, तर दुसरा हात वर केला. दादाने विचारलं, बंद करू का?
"बंद करू नको रे बाबा. ती डोळं उघडंल तवा मी दिसले पायजे."
त्याने तिकडे फोन मावशीच्या उशाला टेकवून ठेवलाय. इकडे मी टॅबला चार्जर लावला.