परतीची वेळ कोणाला माहीत?

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले बूट आणि रेनकोट मिळाले. बूट इतके छान आहेत की मी ते खोक्यातच ठेवलेत, जंगलात जाईपर्यंत मळायला नकोत. रेनकोटला मात्र घडीच्या सुरकुत्या होत्या. लाँड्रीवाल्याच्या मुलीला ते बघवेना. मी त्याला कडक इस्त्री केली. आता तो बाबांच्या दुकानाच्या काचेत टांगावा असा दिसतो.

फोनवर तू “बघू गं” म्हणून विषय संपवतेस, म्हणून पत्रातच विचारते. डोंगरातल्या रानात वाट चुकली तर काय करायचं? अस्वलाला आपण आलेलं आवडतं का, आणि नाही आवडलं तर ते आधी कळतं का? झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तर प्यायचं का? शेवाळ झाडाच्या एकाच बाजूला वाढतं हे खरं का? मला लिहायला-वाचायला बाबांनीच शिकवलं, इस्त्रीच्या टेबलाशी. तेव्हापासून उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची खोड आहे. दोष द्यायचा तर त्यांना दे.

बाबा अजून हो म्हणालेले नाहीत. त्यांचा एकच प्रश्न आहे: आपण दोघी कधी परतणार, हे मागे कोणाला माहीत असेल? तेवढं कळलं की ते मला सोडतील. आत्या, मला खरंच यायचं आहे. आजवर मी ज्या झाडांखाली उभी राहिले, ती सगळी रस्त्याच्या कडेची होती.

तुझी माया आहेच. ती पत्राने कळव.

तुझी भाची,
घडीबाई

दि. १० मार्च

चि. घडीबाईस,
अ. उ. आ.

रेनकोटला इस्त्री करणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. आता तो घाल आणि अंगावर बादलीभर पाणी ओतून घे, काय ते कळेल. बूट खोक्यातून काढ आणि आजपासून घालून दुकानात उभी राहा. नव्या बुटांनी फोड यायचेच, ते घरी आलेले बरे.

वाट चुकली तर चालत सुटायचं नाही. आहे तिथेच थांबायचं आणि तीन-तीन शिट्ट्या वाजवत राहायचं. अस्वलाला कोणी अचानक समोर आलेलं खपत नाही, म्हणून बोलत चालायचं. तुझ्या बाबतीत ती चिंता नाही. समोर आलंच तर पळायचं नाही. पाणी उकळूनच प्यायचं. शेवाळ त्याला वाटेल तिथे वाढतं, त्याच्या भरवशावर राहू नकोस. सुती कपडे आणू नकोस. ते भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. हे दादाला सांगू नकोस, त्याचं निम्मं आयुष्य सुतीवर गेलंय.

आणि त्याला म्हणावं, मी इतकी वर्षं एकटी जाते आणि परत येते. काळजी करायला त्याची गिऱ्हाइकं पुरेशी आहेत.

सगळ्यांना माझी आठवण सांग, स्वतःला जप.

आत्या

दि. १५ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

रेनकोट गेला. मी तो घालून न्हाणीघरात बसले, बाबांनी झारीने पाणी घातलं आणि खांद्यातून थेट पाठीवर ओघळ आला. इस्त्रीने आतला थर वितळून सुटला होता. बाबांनी कोट उलटा करून बराच वेळ पाहिला. मला वाटलं रागावतील. ते एवढंच म्हणाले, की आपल्या घरात कापड वाया जायचं तर असंच जाणार. दुसऱ्या दिवशी नवा घेऊन आले. त्याला मी हात लावलेला नाही. सुरकुत्या तशाच आहेत. मी त्या बाजूला बघत नाही. बूट घालून दुकानात उभी असते. एक गिऱ्हाईक विचारत होतं, दुकान डोंगरावर हलवताय का.

तू सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस, बाबांच्या प्रश्नाचं दिलं नाहीस. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, सुतीचं वाक्य गाळून. “परत येते” इथे त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, “ती गेली होती हे मला नेहमी ती आल्यावरच कळतं.” मग तो प्रश्न माझाच झाला. आत्या, तू एकटी जातेस तेव्हा कोणाला सांगून जातेस?

आगाऊपणा वाटला तर क्षमा कर, पण उत्तर दे. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
घडीबाई

दि. २१ मार्च

चि. घडीबाईस,
अ. उ. आ.

आधी राग आला. तसं उत्तर लिहिलं आणि फाडलं. मग कामावर, छापखान्यात नकाशांचे कागद लावताना तेच डोक्यात घोळत राहिलं. मी वर कुठे पडले असते, तर मी नाही हे आधी कोणाच्या लक्षात आलं असतं? छापखान्याच्या नाही, मी सुट्टीतच जाते. शेजारी कुलूप पाहून समजतात की ही गेली भटकायला. राहिला दूधवाला, दाराशी दोन-चार पिशव्या साठल्यावर त्याच्या लक्षात आलं असतं. त्याच्याशिवाय मला कोणी सापडलं नाही.

तर आता ऐक. तुला नेण्याआधी ओढ्यावरचा लाकडी पूल शाबूत आहे का, ते बघायला पुढच्या रविवारी मी एकटी जाणार आहे. वनचौकीपासून ओढ्याच्या काठाने वर, पुलापर्यंत, आणि त्याच वाटेने खाली. चौकीच्या पुढे मोबाईल चालत नाही. दिवेलागणीपर्यंत माझा फोन आला नाही तर चौकीवर फोन करा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. दादाने स्वतः निघू नये, तो चपला घालून येईल. पत्र पोचल्याचं तुम्ही कळवल्याशिवाय मी निघणार नाही.

हे लिहिताना विचित्र वाटलं. पण दादाला उत्तर द्यायचं तर ते आधी करून बघायला हवं.

तुम्हा दोघांची,
आत्या

दि. १ एप्रिल

चि. घडीबाईस,
अ. उ. आ.

रविवारचं दादा त्याच्या पद्धतीने रंगवून सांगत असेल, म्हणून माझी बाजू लिहिते. पूल शाबूत आहे. मधली एक फळी डुगडुगते, तिच्यावर पाय द्यायचा नाही.

खाली उतरून चौकीच्या बाकावर बूट सोडत होते. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर होती. चौकीवाला बाहेर आला आणि म्हणाला, तुमची चौकशी करताहेत, घरचा फोन आहे. इतक्या वर्षांत तिथे माझ्यासाठी कधी फोन आला नव्हता. मी एका पायात बूट घालून तशीच आत गेले. फोनवर दादा होता, आणि त्याच्या मागून तुझा आवाज येत होता, की बाबा, आत्याने सांगितलेली वेळ अजून झालेली नाही. मीही तेच म्हटलं, “अरे दादा, दिवेलागण कुठे झाली अजून?”

तो म्हणाला, “आमच्याकडे झाली.”

मी फोन कानाला लावून बिनबुटाच्या पायाकडे बघत राहिले. चौकीवाल्याला वाटलं फोन तुटला, तो बटणं दाबून बघायला लागला. शेवटी दादानेच विचारलं, पोरीला शनिवारी सकाळच्या गाडीने पाठवू की दुपारच्या. मी सकाळच्या म्हटलं.

उरलेलं चालता चालता बोलू.

तुझी वाट पाहणारी,
आत्या