हासळीमागची सावली

सोमवार, ४ मार्च

सकाळी रुग्ण यायच्या आधी हिच्या छातीचा एक्स-रे काढला. महिना झाला, खोकला हटत नाही. दवाखान्याचं कुलूप मीच उघडतो, एक्स-रेची खोलीही माझीच. म्हटलं, रांगेत कशाला उभी करायची. ‘श्वास घे, रोख, सोड’ – घरच्या माणसाला हे सांगताना उगाच हसू आलं. तीही हसली, आणि हसता हसता खोकली.

फोटोत उजवीकडे वर, हासळीच्या हाडामागे, एक पुसट डाग. काळजात चर्र झालं. मग उमगलं – वेणी! जाड वेणी पुढे आली की अशीच सावली पडते. येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी केस वर बांधायला लावतो, आणि बायकोच्या वेळी विसरलो. हिला सांगितलं, फोटो चांगला आहे.

मंगळवार, ५ मार्च

एक्स-रे काढणारा हा नवा माणूस गेल्या महिन्यात मोठ्या इस्पितळातून आमच्याकडे आला. काम माझंच, वयही माझ्याएवढंच. पूर्वी शंका आली की डॉक्टरीणबाई मला हाक मारत. आता ‘अहो, जरा बघता का’ हे त्याच्यासाठी. मी शेजारच्या खोलीत असतो. भिंत पातळ आहे.

आज त्याच्या नजरेस हिचा फोटो पडला. मला जिन्याखाली बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, वहिनींची ती सावली मला केसांची वाटत नाही. केसांच्या बारीक रेघा दिसतात, आणि त्या वर मानेपर्यंत जातात. ही आतच थांबते. परत काढू या का?”

माझ्या बायकोची छाती, आणि हा मला शिकवणार! म्हटलं, “फोटो मी काढलाय. वेणी मला कळते.”

“बरं,” म्हणाला. तेही इतकं शांतपणे, की जास्तच झोंबलं.

शुक्रवार, ८ मार्च

ही खोकल्याचं औषध न्यायला आली होती. मी कामात. त्या नव्या माणसाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारपूस केली. घरी भाजी निवडताना तेच पुराण – किती अगत्याचा माणूस, बोलणं कसं मऊ. “तुम्ही तर माणसाला नुसतं ‘सरळ उभे राहा’ म्हणता!”

जेवण गेलं नाही. देवापुढे बसलो. त्याची बदली होऊ दे, एवढंच तोंडात आलं. लाज वाटली. तसाच उठलो.

शनिवार, ९ मार्च

हिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते.

सोमवार, ११ मार्च

दार लावून तो फोटो पुन्हा उघडला. रेघा नाहीत. मानेकडे काही जात नाही. त्याने सांगितलं ते मला आता दिसतं – आणि त्याच्यामुळे दिसतं, याचाच राग येतो. डाग वेणीचा निघाला तर फोटो मी बिघडवला. रोगाचा निघाला तर तो खरा. दोन्हीकडून नाक माझंच कापलं जाणार, हाच विचार! हिचं काय होईल, हे त्यात कुठेच नाही. काय माणूस आहे मी?

मंगळवार, १२ मार्च

संध्याकाळी हिचं अंग कढत. डॉक्टरीणबाईंना दाखवू या म्हटलं, तर हीच मला समजावते, “तुम्ही पाहिलंत ना? मग मला कसली भीती?”

बुधवार, १३ मार्च

हिला घेऊन गेलो. नव्याला म्हटलं, “तुम्ही काढा.” मी दाराबाहेर बाकावर बसलो. आतून त्याचा आवाज येत होता.

केस वर बांधलेले. डाग जिथल्या तिथे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, क्षयासारखं दिसतंय, थुंकी तपासू, बरा होणारा आजार आहे. मग विचारलं, आधी कुणाच्या लक्षात नाही आलं का? नवा खाली पाहत राहिला. मी म्हणालो, याच्या आलं होतं. मागच्या मंगळवारीच मला सांगितलं होतं. मी दाबून ठेवलं.

ही शेजारीच बसली होती.