बसू म्हटलं, तिथंच चुकलं

मंगळवार, रिसोड

डोकं तापलं हाय. दारू सोडलेल्या आमा लोकांचा गट दर मंगळवारी शाळेच्या खोलीत जमते. आपापलं बोलतो, एकमेकाले सांभाळतो. माहा जुना दोस्त गजा अजून पिऊनच राह्यला. सकाळी मोठ्या हौसेनं त्याले म्हटलं, "संध्याकाळी शाळेत ये, बसू."

अन् गजा आला तो खिशात फुटाण्याची पुडी घेऊन!

सगळे खो खो हसले. मीबी हसलो. काहून हसलो मी? त्याचं तोंड उतरलं. "बिनदारूचं कायले बसता रे?" म्हणाला अन् चालता झाला. पुडी खुर्चीवरच राह्यली.

आपल्या इकडं 'बसू' म्हणजे बाटली मधात ठेवूनच. हे मले कोणी शिकवावं? माही अर्धी उमर त्याच्यातच गेली. 'ये, बोलू' म्हणता येत नव्हतं? पण मंग तो आलाच नसता लेकाचा.

अन् त्या पुडीपायी हसलो मी.

पुडी घरी आणली. आता उघडली, तर फुटाण्यात अर्धे शेंगदाणे. संगं पीत होतो तवा मले तसंच लागत जाय. गजा विसरला नव्हता.