कल्याणराम खाकरतो

१२ जून, सकाळी

आजपासून रोजनिशी. मुद्दाम देवनागरीत. बायकोला, अंबाला, फक्त तमिळ वाचता येतं, तेव्हा घरातच बसून मोकळेपणानं लिहिता येईल. ही अक्षरं बाबांनी छड्या मारून शिकवली होती. तंजावरात त्यांचा पहिला उपयोग आज होतोय.

मोठी बातमी. पापनाशमच्या संगीतसभेचे सेक्रेटरी सतीशकुमार यांचा फोन. ६ सप्टेंबरला माझी सोलो कच्चेरी. (महाराष्ट्रात मैफल म्हणतात.) सोलो! उभा जन्म कल्याणरामच्या डाव्या हाताला बसून व्हायोलिनची साथ केली. तो एक जागा घेणार, मी तीच लगेच मागून वाजवणार. तो जाऊन वर्ष होत आलं. आता लोकांना कळेल गाणं खरं कोण चालवत होतं.

गायचा बरा, नाही असं नाही. पण भित्रा. वाट चुकला की डोळे माझ्याकडे. आणि मी सावरून घेतलं की बक्षीस काय? नुसतं 'हं'. शाबासकी नाही, भले नाही. हं!

निश्चय: रोज पहाटे प्रॅक्टिस. तारा त्याच्या खालच्या पट्टीतून काढून माझ्या पट्टीत चढवणे. तोडी वाजवायची नाही. तोडी त्याचा राग.

१५ जून

प्रॅक्टिस उत्तम. अडचण एकच. गज तारेवर ठेवणार, इतक्यात कुणीतरी खाकरलं. दोनदा बारीक, एकदा मोठ्यानं. कल्याणराम सुरू करायच्या आधी खाकरायचा, अगदी तसंच. शेजारचे सूर्यनारायण असणार. रिटायर झाले तरी सिगारेट सुटत नाही.

अंबाला विचारलं, ऐकलंस का? म्हणाली, ऐकलं की. आणि इडलीचं पीठ ढवळत राहिली. म्हणजे भास नाही.

२४ जून

सूर्यनारायण पंधरवडा झाला चेन्नईला लेकीकडे आहेत. दाराला कुलूप. खाकरणं चालूच.

उद्यापासून पहाटेऐवजी सकाळी प्रॅक्टिस. पहाटे पाण्याचे पंप चालू असतात, कसलेही आवाज येतात.

४ जुलै

तारा काल वर चढवून ठेवल्या होत्या. आज बघतो तर सगळ्या उतरलेल्या, बरोब्बर कल्याणरामच्या पट्टीत. कालव्याला कावेरीचं पाणी सोडलंय, हवेत दमटपणा. शास्त्रीय कारण आहे. पुन्हा चढवल्या.

आज कांबोजी वाजवला. काय वाजवला! एक जागा अशी जमली की माझ्याच अंगावर काटा आला. आणि मागोमाग, खोलीत कुणी नसताना, 'हं'.

व्हायोलिन खाली ठेवलं. पंखा बंद केला. कॉफी घेतली. पुन्हा वाजवायला बसलो नाही. बोटांना विश्रांती लागते.

१९ जुलै

आता स्वतःशी खोटं कशाला बोलू? तो येतो. कारणही उघड आहे. माझी सोलो कच्चेरी त्याच्या डोळ्यांत खुपतेय. जिवंतपणी मधली जागा सोडली नाही, आणि आता मेल्यावरही सोडवत नाही. वा रे वा.

पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला जाऊन आलो. लिंबू आणलं, प्रॅक्टिसच्या खोलीच्या दाराला बांधलं. अंबानं विचारलं, हे कशाला? म्हटलं, डास. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

२ ऑगस्ट

गिरीश मृदंग घेऊन रिहर्सलला आला. पोरगा चांगला आहे, पण आजच्या पिढीला दम नाही. दोघं बसलो. सुरासाठी श्रुतिपेटी लावली. खाकरणं झालं (लिंबू फुकट गेलं). मी थांबलो. गिरीश थांबला. अंबा कॉफी ठेवून गेली. कॉफी निवली. शेवटी गिरीश म्हणाला, मामा, पहिली जागा तुम्हीच घ्यायची आहे. मला माहीत नाही होय! म्हटलं, मी वातावरण तयार करतोय.

मग वाजवलं. तर म्हणतो, मामा, प्रत्येक जागेआधी तुम्ही थांबताय. मी त्याला समजावलं की मौन हेही संगीतच. मान डोलावली, पण समजलं नसावं.

तो गेल्यावर अंबाही तेच म्हणाली, मध्येमध्ये थांबता कुणासाठी? घरातसुद्धा मौनाची कदर नाही. जेवताना तिनं दह्यातली डांगर पचडी दोनदा वाढली. ती काळजीत असली की वाढत सुटते.

१० ऑगस्ट

वासुकीवहिनींचा फोन. कल्याणरामची बायको. भावजी, घर फार शांत झालंय, इथं येऊन वाजवत जा ना, म्हणाल्या. ह्यांची गायला बसायची सतरंजी अजून तशीच घातलेली आहे, म्हणाल्या. म्हटलं, वहिनी, कच्चेरी तोंडावर आहे, वेळच नाही.

तेराव्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. तिथला जिना आता मला झेपत नाही. एक मजला असला तरी जिना तो जिना.

ठेवायच्या आधी विचारावंसं वाटलं, तो तुमच्याकडेही येतो का? नाही विचारलं. येत नसेल तर त्यांना किती वाईट वाटेल. माझ्याकडे येतो, यात माझा काय दोष?

२८ ऑगस्ट

पोस्टर आलं. वर 'कल्याणराम स्मृतिदिन'. खाली त्याचा हा एवढा फोटो, हार घातलेला. अगदी तळाला, प्रिंटरच्या पत्त्याच्या वर, माझं नाव, 'व्हायोलिन: सीतारामराव'. प्रिंटरची चूक. सतीशकुमारला फोन केला. तो म्हणाला, सर, स्मृतिदिनाचाच कार्यक्रम आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं असेल. लाइन खराब होती.

काही बिघडत नाही. लोक फोटो बघायला येतील आणि मला ऐकून जातील.

आज त्याला स्पष्ट सांगितलं. मोठ्यानं. म्हटलं, कल्याणराम, ६ तारखेला तू यायचं नाहीस. एवढा एक दिवस माझा. त्यावर काही आवाज आला नाही. पटलं असावं.

६ सप्टेंबर, दुपारी, पापनाशमच्या गाडीत

व्हायोलिन मांडीवर. तारा माझ्या पट्टीत. तोडी नाही. कल्याणी रागानं सुरुवात. अंबा शेजारी डुलकी काढतेय. दोन्हीकडे भात हिरवागार.

या गाडीत खिडकी नेहमी तो घ्यायचा. आज मी बसलोय. वारा फार लागतो.

८ सप्टेंबर

काल लिहिलं नाही. दमलो होतो.

कच्चेरी यशस्वी. सभागृह अर्धं भरलं होतं, म्हणजे अर्धं रिकामं नव्हतं. मी कडेला बसलो, तिरका, मधली सतरंजी मोकळी ठेवून. सवयीनं नव्हे. स्टेजचा तोल असतो. सतीशकुमार पळत आला, कानात म्हणाला, सर, मध्ये बसा. म्हटलं, ठीक आहे इथं. बिचाऱ्यानं माइक उचलून माझ्याकडे आणला.

वचन देऊनही तो आला. माइक ठेवल्या ठेवल्या खाकरला. कल्याणी वाजवायची होती, गज आपोआप तोडीवर गेला. तारासुद्धा केव्हा उतरल्या होत्या कोण जाणे. मी थांबायचो, मग वाजवायचो, थांबायचो. मागून दोन-चार लोक उठून गेले. शेवटची बस असेल.

संपल्यावर वासुकीवहिनी पुढे आल्या. डोळे लाल. म्हणाल्या, भावजी, मधल्या जागा तुम्ही त्यांच्यासाठी सोडल्यात ना? वर्षभरानं आज त्यांचं गाणं ऐकलं मी. आणि माझे हात धरून रडल्या. मी म्हणालो, हो, तसंच ठरवलं होतं.

तसं ठरवलं नव्हतं. मला वाटलं, तो गाईल.

११ सप्टेंबर

सतीशकुमारनं कच्चेरीचं रेकॉर्डिंग फोनवर पाठवलं. लावलं. आणि काय सांगू, तो त्यात आहे! दोनदा बारीक, एकदा मोठ्यानं. मग शांतता. मग माझी तोडी. मग स्पष्ट, स्वच्छ 'हं'. पुरावा! ओरडलोच मी. अंबाला हाक मारली. म्हटलं ऐक, नुसतं सांगितलं असतं तर तुला खोटं वाटलं असतं ना? हा बघ कल्याणराम.

तिनं पदराला हात पुसले. नीट ऐकलं. मग म्हणाली, अहो, हे तुम्हीच.

म्हटलं, वेडी आहेस का? म्हणाली, तुम्ही रोज करता. स्वैपाकघरातून ऐकते मी. आधी खाकरता, मग थांबता, मग वाजवता. जमलं की स्वतःच हं म्हणता. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, ऐकलंस का म्हणून विचारलंत तेव्हा ऐकलं म्हणाले की. तुम्हाला ठाऊकच असेल असं वाटलं. नंतर बोलायचा धीर झाला नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. माझाच आवाज. त्याच्यासारखा, पण माझा.

म्हणजे मी त्याच्याशी भांडलो, मारियम्मनला गेलो, येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि तो एकदाही आला नव्हता. मला फार वाईट वाटलं. तेराव्याला नाही वाटलं इतकं.

तारा कोण उतरवत होतं, हे अंबाला विचारलं नाही. लिंबू सोडून टाकलं.

संध्याकाळी व्हायोलिन घेऊन बसलो. ओठ घट्ट मिटून घेतले. खूप वेळ थांबलो. कुणी खाकरलं नाही. मग व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं.