परमुलखातली राई

२३ मार्च, रविवार

"राईतली वाळकी काडीसुद्धा घरात आणायची नाही."

शालूआत्या म्हणाली होती. मी नऊ वर्षांची, फ्रॉकच्या खिशात देवराईतली एक गुळगुळीत बी. तिनं मला भर उन्हात पुन्हा राईपर्यंत चालवत नेलं आणि बी होती तिथं ठेवायला लावली. परतताना आणखीही काही म्हणाली. ते आठवत नाही. आत्या जाऊन पंचवीस वर्षं झाली.

आज आठवण झाली, कारण कुंडीत कोंब आलाय!

ऑक्टोबरात लेकीला, ईश्वरीला भेटायला इंग्लंडला गेले होते, तेव्हा तिच्या युनिव्हर्सिटीजवळच्या रानातून ओकचं एक फळ कोटाच्या खिशातून आणलं. इथं आखातात, अल अझीझियाच्या घरात ते थंडीभर फ्रिजमध्ये, ओल्या फडक्यात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. "एक दिवस आमटीत सापडेल मला," गिरीश म्हणायचा. मग हॉलच्या खिडकीत कुंडी. आणि आज हा एवढासा लालसर कोंब, मान वाकवून उभा.

आनंद झाला, आणि पाठोपाठ आत्याचं वाक्य.

पण ती आमच्या देवाची राई. हे परक्या मुलखातलं रान. तिथं कुणाची सत्ता?

३० मार्च, रविवार

पहिलं पान उघडलं. ईश्वरीचा फोन — "आई, आय गॉट लॉस्ट! कॅन यू बिलीव्ह?" त्याच रानात. दीड वर्ष दर रविवारी जाते तिथं. चाळीस मिनिटं फाटक सापडलं नाही म्हणे.

६ एप्रिल, रविवार

मालविकानं इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला होता, तो आज पाठवला. 'विलायतेतलं जुनं रान.' सगळं छान लिहिलंय. दगडी चर्चमागची वाट, मेंढ्यांचं कुरण, कुंपणावरून पलीकडे उतरायच्या दोन फळ्या. मग रानाभोवतीचा मातीचा बांध आणि चर — आठशे वर्षांपूर्वी माणसांनी खणलेला. रान त्याच्याही आधीचं. एकाच बुंध्यातून दहा-दहा खोडं फुटलेली झाडं, कारण पिढ्यान् पिढ्या लोक ती तोडत आले आणि ती फुटत आली. ईश्वरी तिथं फुलं मोजते. एक पांढरं फूल दाखवलं होतं तिनं फोटोत, ऑक्टोबरात ते नसतं. शंभर वर्षांत सहा फूट सरकतं म्हणाली. "दे आर नॉट इन अ हरी, आई."

हे सगळं लिहिलं. एक लिहिलं नाही. ईश्वरी पुढे गेली होती, मी त्या मोठ्या ओकपाशी एकटीच थांबले आणि काही बोलले. ते लेखात शोभलं नसतं. इथंही नको.

तेव्हा ती जेवत नव्हती. हॉस्टेलच्या खोलीत दिवे न लावता बसायची. मला बघून इतकी रडली की मीच घाबरले. मी परत आले आणि आठवडाभरात तिचा आवाज बदलला. हसायला लागली. चमत्कारच म्हणायचा.

आज ती तासभर रानात वाट चुकली. दुसरं पान आलं.

७ एप्रिल

गिरीशला सांगितलं — पान येतं त्याच दिवशी पोरगी वाट चुकते. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "दोन वेळा. दोनाला डेटा म्हणत नाहीत."

१३ एप्रिल, रविवार

सकाळी तिसऱ्या पानाची टोकदार कळी. मी कुंडीसमोर बसून राहिले. उघडू नको, असं म्हटलं, चक्क मोठ्यांदा.

दुपारपर्यंत उघडलं. ईश्वरी अडीच तास आत.

आता तीन वेळा झालं.

१५ एप्रिल, मंगळवार

मंगळवारी मुलांच्या मराठी वर्गासाठी अल वक्र्याला जाते, ती धनाजीच्या गाडीतून. तो देवगडकडचा. त्याच्याशी बोलताना माझी माहेरची मालवणी आपोआप तोंडात येते. घरी ती कधीच बोलले नाही. गिरीश पुण्याचा, त्याला हसू येतं, आणि ईश्वरीला साधी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच. मालवणीचा एक शब्दही तिच्या कानावर पडलेला नाही.

धनाजीला सांगितलं, आडवळणानं. ओळखीच्या एका मुलीचं म्हणून.

"चकवो तो, वैनी," तो म्हणाला. "पण रान कोणाक उगाच फिरवणा नाय. काय तरी आणलास काय थयसून?"

आरशात बघत होता. मी खिडकीबाहेर.

"एक बी," मी म्हटलं.

"मगे पोचवा परत. नायतर ता मागत रवतला." जरा वेळानं, सिग्नलला — "आणि चेडवाक सांगा, कोट उलटो करून घालूक. चकवो सुटता."

१६ एप्रिल

ईश्वरीला कोटाचं सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती म्हणाली, "दॅट्स सो वीअर्ड. द ओल्ड लेडी इन द शॉप सेज द सेम. टर्न युअर कोट इनसाइड आउट."

हजारो मैलांवर, देवगडचा धनाजी आणि तिथल्या दुकानातली म्हातारी एकच सांगणार. मग रानही एकच असेल का?

२० एप्रिल, रविवार

पाच तास.

पहिले दोन तास मी भाजी निवडत होते. नंतर फोनवरच्या नकाशावर तिचा निळा ठिपका बघत बसले. हलत नव्हता. त्या ओकपाशीच. फोन वाजायचा, उचलायचं नाही कुणी. गिरीश तिच्या मैत्रिणीचा नंबर शोधत होता आणि मध्येच एसीला नावं ठेवत होता.

मग तिचाच फोन आला. "आई, व्हॉट हॅपन्ड? ट्वेंटी-थ्री मिस्ड कॉल्स?" तिला दहाच मिनिटं झाल्यासारखं वाटलं. झाडाला टेकून बसले होते म्हणाली. निळी फुलं आलीत, जमीन दिसत नाही इतकी. कोट उलटा घातला होतास ना? हो म्हणाली. भीती नाही वाटली? "नो. इट वॉज नाइस. लाइक समवन वॉज विथ मी."

तो शांत आवाज मनाला सगळ्यात जास्त लागला.

चौथं पान आलंय. हॉलमध्ये ओल्या पाचोळ्याचा वास येतो. बाहेर चाळीसला टेकलेलं ऊन, आत हा वास. कुंडीला चार दिवस पाणी घातलेलं नाही आणि माती ओली आहे.

२१ एप्रिल

एसीवाला येऊन गेला. गळती कुठंच नाही. "सब ड्राय है मॅडम." जाता जाता त्यानं नाकानं दोनदा हवा ओढली आणि कुंडीकडे बघितलं.

२२ एप्रिल

तिला कबूल केलं, मी बी आणली होती. "यू स्मगल्ड ॲन एकॉर्न? आई!" किती वेळ हसत होती. पुढचे काही रविवार जाऊ नकोस म्हटलं, तर हसू थांबलं. फुलांचा मोसम तीन आठवड्यांचा. आत्ता मोजली नाहीत तर वर्ष गेलं. शेवटी एकच रविवार थांबते म्हणाली.

रोप मीच परत नेलं असतं, पण माझा तिकडचा व्हिसा कधीच संपलाय. नवा यायला तीन-चार आठवडे, इन्शाल्ला.

२५ एप्रिल, शुक्रवार

जेवताना गिरीश म्हणाला, "मंगळवारी ट्रेनिंगसाठी लंडनला निघतोय. शनिवारी ईश्वरीला भेटणारच. दे ते झाड."

मी भाताचा डाव खाली ठेवला.

"माझा विश्वास नाही," तो म्हणाला. "पण तू झोपत नाहीस." भाताचे दोन घास झाल्यावर — "या वयात स्मगलर केलंस मला. पकडला गेलो तर बायकोनं पाठवलं म्हणून सांगणार."

२९ एप्रिल, मंगळवार

रोप मुळासकट काढलं. एवढीशी पानं, पण मूळ कुंडीच्या तळाला तीन वेढे घालून बसलेलं. सोडवताना हाताला ओढ लागत होती. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या चहाच्या थर्मासमध्ये घातलं.

त्याला दारातून जाताना म्हटलं, "त्याच झाडाखाली हं. दुसरीकडे नाही." त्यानं थर्मास कपाळाला लावला, देवाचा प्रसाद लावतात तसा. थट्टेत. पण लावला.

४ मे, रविवार

लावलं! दोघं गेले होते. गिरीशनं फोटो पाठवला — ईश्वरीच्या गुडघ्यांना चिखल, ओकच्या मुळांच्या खोबणीत माझं चार पानांचं रोप. भोवती निळंच निळं.

दोघं सरळ वाटेनं अकरा मिनिटांत फाटकाबाहेर. गिरीशनं घड्याळ लावून मोजलं, आपण होऊन.

हॉलमधला वास गेला. चौदा जूनचं तिचं इकडचं तिकीट पुन्हा काढून पाहिलं. तिची खोली उघडली, चादरी धुवायला टाकल्या. आत्या, पोचवली बघ तुझी काडी.

६ मे, मंगळवार

धनाजीला सांगितलं, पोचलं परत. तो म्हणाला, "बरां झाला. घेतलेला फेडूक येता, वैनी." पुढे काहीतरी बोलणार होता. समोर ट्रक आडवा आला, ते राहूनच गेलं.

११ मे, रविवार

ईश्वरीचा फोन दुपारी. ती जूनमध्ये येत नाहीये.

रानाच्या कडेला, चरापलीकडे, एक लाकडी खोपटं आहे. रानाची राखण करणाऱ्या संस्थेनं तिला तिथं राहायला बोलावलंय. फुलं मोजायची, झाडं मोजायची. किती दिवस? "टू इयर्स. ॲट लीस्ट." सुट्टीत तरी? "लेट्स सी." तिकीट तिनं कालच रद्द केलंय.

मी रडत होते, आवाज न करता. तिला कसं कळलं माहीत नाही. ती थांबली. मागे पाखरं ओरडत होती, मग तीही थांबली. आणि तिचा आवाज आला, हळू, अगदी स्वच्छ —

"आई, तू भियां नको. मी हंयच आसंय."

गिरीश स्पीकरवर ऐकत होता. त्यानं मला विचारलं, "ही मालवणी तू कधी शिकवलीस तिला?"

१२ मे, सोमवार

आत्याचं पुढचं वाक्य आठवलं. "आणि राईला काही दिलंस, तर ते परत मागायचं नाही."

मग आता लिहिते. ऑक्टोबरात त्या ओकला हात लावून मी गाऱ्हाणं घातलं होतं, आमच्या गावात देवापुढं घालतात तसं, आमच्याच बोलीत. बा म्हाराजा, ही माझी एकुलती एक लेक तुझ्या ओटीत घातलंय. हिका सांभाळ. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' दुसऱ्यांनी म्हणायचं असतं, घालणाऱ्यानं कधीच नाही. तिथं दुसरं कुणी नव्हतं. मीच म्हटलं. बी मी चोरली नव्हती; ती तेव्हाच पायाशी पडली, म्हणून देवाचा होकार, कौल समजून खिशात घातली होती.

तू शब्द पाळलास. पोरगी जेवते, हसते. तू देणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी मागते. बा म्हाराजा, माझी लेक माका परत दे.

या वेळी व्हय मी म्हणणार नाही. तू म्हण.